ट्रिगरपर्यंतचं अंतर

रिव्हॉल्व्हरच्या कुठल्या भागाला मालक स्वतः बिनधास्त हात घालतो, तर तो मुठीला. सिलिंडरचं टायमिंग, नळीची जोडणी, ट्रिगरच्या आतल्या पृष्ठभागांची घासणी ही कामं जाणकार कारागिराची. मुठीचं तसं नाही. एक स्क्रू सैल केला की लाकडाची दोन पॅनेल सुटतात, खाली पोलादाचा उघडा सांगाडा उरतो आणि त्याच मापाची दुसरी जोडी त्यावर चढवता येते. काम सोपं आहे, म्हणूनच त्यामागचा विचारही थोडक्यात उरकला जातो. मूठ का बदलायची असं विचारलं की बहुतेक वेळा दोनच उत्तरं येतात. एक, दिसायला छान. दोन, झटका कमी बसतो. दोन्ही कारणं खरी आहेत आणि मला दोन्ही मान्य आहेत. पण मुठीचं सगळ्यात मोठं काम या दोन्हींत येत नाही. तर्जनी ट्रिगरवर नेमकी कुठे टेकणार आणि प्रत्येक वेळी तिथेच टेकणार की नाही, हे मूठ ठरवते. मी कुठलीही नवी ग्रिप, म्हणजे मुठीवर चढवायचं आवरण, हातात घेतो तेव्हा आधी हेच पाहतो, बाकी सगळं नंतर.

यामागे साधं गणित आहे. चार इंची नळीचं मध्यम आकाराचं पोलादी रिव्हॉल्व्हर साधारण एक किलोचं असतं. डबल अ‍ॅक्शनमध्ये, म्हणजे हॅमर (काडतुसावर आघात करणारा घोडा) आधी मागे न ओढता फक्त ट्रिगर दाबून बार काढायचा असेल, तर बोटाला साडेचार-पाच किलोचा जोर लावावा लागतो. ज्या वस्तूचं स्वतःचं वजन एक किलो, तिच्यावर एकटं बोट पाचपट जोर लावतंय. आणि हा जोर एका क्षणाचा नाही. ट्रिगर लांबवर मागे येतो, त्या प्रवासात सिलिंडर फिरतो, हॅमर मागे जातो, सुटतो. हा सगळा वेळ पुढची माशी, म्हणजे नेम धरायचा नळीच्या टोकावरचा उंचवटा, जागची हलू नये अशी अपेक्षा. जोर सरळ मागे आला तर तळहात तो झेलतो. जरासा तिरका आला तर नळी त्या बाजूला ढळते. जोर सरळ येणार की तिरका, हे बोटाच्या कुठल्या भागाने ट्रिगर ओढला जातो यावर ठरतं आणि बोटाचा तो भाग मुठीची जाडी ठरवते.

रिव्हॉल्व्हर रिकामं आहे याची खात्री करून हे पडताळून बघण्यासारखं आहे. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधलं बेचकं मुठीच्या पाठीवर जमेल तितकं वर बसवायचं, नळी मनगटाच्या आणि कोपराच्या रेषेत आणायची आणि मग बोट ट्रिगरवर टेकवायचं. क्रम हाच हवा. आधी बोट सोयीने टेकवलं आणि मग मूठ धरली तर हात नकळत वळतो आणि फसवणूक होते. सरळ रेषेत धरल्यावर ट्रिगर पहिल्या पेराच्या मधोमध आला, किंवा डबल अ‍ॅक्शनसाठी अनेक नेमबाजांना आवडतं तसा पहिल्या घडीपाशी आला, तर मुठीच्या पाठीपासून ट्रिगरपर्यंतचं अंतर बरोबर. नुसतं टोक पोहोचत असेल तर मूठ त्या हाताला जाड आहे. बोट दुसऱ्या घडीपर्यंत आत घुसत असेल आणि टोक पलीकडच्या बाजूला फ्रेमला, म्हणजे रिव्हॉल्व्हरच्या मुख्य पोलादी अंगाला, टेकत असेल तर मूठ बारीक आहे. दोन-तीन मिलिमीटरनेही फरक पडतो. हाताच्या पंज्याची लांबी तर माणसामाणसांत त्याहून कितीतरी जास्त बदलते. कारखान्यातून निघालेली एकच मूठ सगळ्यांना बसेल हे शक्यच नाही.

या अंतरावर सगळ्यात जास्त परिणाम करते ती मुठीची पाठ. पोलादी सांगाड्याची मागची पट्टी काही ग्रिप उघडी ठेवतात, काही झाकून टाकतात. झाकणाऱ्या ग्रिप बहुतेक रबराच्या. बेचक्यामागे रबराचा थर आला की मोठ्या काडतुसाचा झटका खूपच सुसह्य होतो, यात वाद नाही. रबराने झटक्याचा एकूण संवेग कमी होत नाही. तो हातापर्यंत पोहोचायला थोडा जास्त वेळ लागतो आणि जास्त मोठ्या भागावर पसरतो, म्हणून टोचत नाही. पण तोच थर तळहाताला ट्रिगरपासून मागे ढकलतो. मोठ्या पंज्याच्या माणसाला हे सोयीचं पडतं. लहान पंज्याचा माणूस मात्र हाताला मऊ वाटणारी ग्रिप घेतो आणि मग बोट पोहोचावं म्हणून सगळा पंजा एका बाजूला वळवून धरतो. झटका आता बेचक्यावर न येता अंगठ्याच्या मुळाशी येतो. सुख मिळावं म्हणून घेतलेली वस्तू अंगठ्याच्या सांध्याला त्रास देते आणि दोष काडतुसाला दिला जातो. मला हे फार खटकतं, कारण उपाय अगदी जवळ असतो. पाठ उघडी ठेवणारी बारीक ग्रिप लावली की बरेचदा प्रश्न तिथेच मिटतो.

मुठीच्या आकाराचा इतिहास बघितला की हेच अंतर आणि हीच पकड पुन्हापुन्हा दुरुस्त होत आलेली दिसते. कोल्टच्या १८७३ सालच्या सिंगल अ‍ॅक्शन आर्मीची मूठ १८५१ सालच्या नेव्ही रिव्हॉल्व्हरवरून उचललेली होती. नांगराच्या मुठीसारखा तिचा बाक. बार उडाला की ती हातात वरच्या बाजूला सरकते, नळी वर जाते आणि हॅमर आपोआप अंगठ्याच्या टप्प्यात येतो. सिंगल अ‍ॅक्शनमध्ये प्रत्येक बाराआधी हॅमर अंगठ्याने ओढायचाच असतो, त्यामुळे मुठीचं हे सरकणं तिथे उपयोगाचं आहे. डबल अ‍ॅक्शनला तेच मारक. तिथे हात जागचा हलता कामा नये. म्हणून डबल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हरच्या पाठीवर, बेचक्याच्या वर, एक उंचवटा असतो. तो हाताला वर सरकू देत नाही. ब्रिटिश वेब्ली रिव्हॉल्व्हरची आधीची मॉडेलं पक्ष्याच्या चोचीसारख्या बाकदार मुठीची होती. १९१५ सालच्या मार्क सहामध्ये ती चोच जाऊन सरळ, चौकोनी बुडाची मूठ आली. पहिलं महायुद्ध चालू असताना लष्कराने शस्त्राचा आकार बदलावा आणि बदलात मुठीचा समावेश असावा, यावरून मुठीचं महत्त्व कळतं.

स्मिथ अँड वेसनने १८९९ साली ज्या मध्यम फ्रेमची सुरुवात केली, तिला पुढे के फ्रेम हे नाव पडलं. तिच्यावर लाकडाची छोटी पॅनेल असायची आणि त्यांच्यात एक गोष्ट अर्धवट राहिलेली होती. ट्रिगर गार्डच्या (ट्रिगरभोवतीच्या कडीच्या) मागे, सांगाड्याच्या पुढच्या बाजूला वरती, एक पोकळी होती. मधलं बोट त्या पोकळीत वर चढतं आणि बार उडाला की गार्डची मागची बाजू त्याच्या पेरावर आपटते. मोठ्या काडतुसाने पेर अक्षरशः सुजतं. ही एक पोकळी भरण्यासाठी कितीजणांनी किती डोकं लढवलं! १९३० च्या दशकात वॉल्टर रोपर यांनी मोठ्या, तळहात भरणाऱ्या लाकडी ग्रिप आणल्या, त्या लक्ष्यनेमबाजांना फार आवडल्या. त्याच दशकात स्मिथ अँड वेसनने मॅग्ना पॅनेल काढली. ती फ्रेमच्या दोन्ही बाजूंनी वरपर्यंत चढतात आणि बेचक्यावरचा दाब पसरवतात, पण पुढची पोकळी तशीच ठेवतात. ती भरायला मग टायलर टी-ग्रिप आली. अ‍ॅल्युमिनियमचा छोटासा तुकडा, त्याचे पातळ कान लाकडी पॅनेलांखाली सरकवायचे, स्क्रू आवळायचा, झालं. पोकळी भरली, मधल्या बोटाला बसायला जागा मिळाली, हाताची उंची दर वेळी सारखी राहू लागली, आणि पाठ उघडीच राहिल्यामुळे ट्रिगरपर्यंतचं अंतर जसंच्या तसं. मॅग्ना पॅनेल आणि पुढे टी-ग्रिप ही जोडी मला आजही मध्यम पंज्यासाठी सगळ्यात शहाणी मांडणी वाटते. ती दिसायला आकर्षक नाही. पण जिथे भर हवी तिथेच भर आणि जिथे नको तिथे काही नाही, इतकी नेमकी दुरुस्ती क्वचित दिसते.

अमेरिकेच्या सीमा गस्ती दलातले बिल जॉर्डन यांनी आखलेली आणि हेरेट्स कंपनीने बनवलेली जॉर्डन ट्रूपर ग्रिप याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. भरघोस, गुळगुळीत, तळहात पूर्ण भरून टाकणारी. जॉर्डन यांचे हात फार मोठे होते. त्यांना ती शोभली आणि मॅग्नमसारख्या जोरदार काडतुसाला तिने न्याय दिला. लहान हाताच्या माणसाने नाव ऐकून ती घेतली तर बोट टोकावरच अडतं.

रबराची लाट नंतर आली. पॅचमायर कंपनीने आतून धातूचा आधार दिलेल्या दोन तुकड्यांच्या रबरी ग्रिप लोकप्रिय केल्या. होगची मोनोग्रिप एकसंध असते. ती खालून वर सरकवतात. सांगाड्याच्या बुडाशी असलेल्या आडव्या पिनेवर एक छोटी धातूची रिकीब अडकवायची आणि ग्रिपच्या बुडातून येणारा स्क्रू त्या रिकिबीत आवळायचा. बाजूला स्क्रू नाही, सांधा नाही. रचना म्हणून हे खरंच देखणं डोकं आहे, कारण दोन पॅनेलांमधली फट आणि त्यांचं मागेपुढे होणं हा विषयच संपतो. रबराची एक अडचण मात्र कपड्यांखाली बाळगताना जाणवते. कापड रबराला चिकटतं, वर गोळा होतं आणि आत काय आहे ते दाखवून देतं.

लहान फ्रेमची गोष्ट वेगळी आहे. १९५० साली चीफ्स स्पेशल या रिव्हॉल्व्हरबरोबर स्मिथ अँड वेसनची ‘जे’ फ्रेम आली. पाच गोळ्या, दोन इंचांच्या आसपास नळी. अशा रिव्हॉल्व्हरवर मोठी मूठ चढवली तर हात सुखावतो, पण लपवण्याचा मूळ हेतूच जातो, कारण नळी कितीही आखूड असली तरी कपड्यातून उठून दिसते ती मूठ. क्रेग स्पेगल यांनी जी बूट ग्रिप आखली तिने हा तिढा बराचसा सोडवला. बूड उघडं, लांबी सांगाड्याइतकीच, भर फक्त पुढच्या पोकळीत आणि बाजूंना. करंगळी खाली लोंबकळते, ती आत दुमडून घ्यायची. टायटॅनियम आणि स्कँडियम मिश्रधातूंची रिव्हॉल्व्हर आली तेव्हा वजन साडेतीनशे ग्रॅमच्याही खाली गेलं आणि त्यातली काही .३५७ मॅग्नम उडवणारी. तिथे मात्र मी माझं बारीक मुठीचं म्हणणं मागे घेतो. इतक्या हलक्या वस्तूतून इतकं जोरदार काडतूस उडवायचं असेल तर पाठीमागे रबर हवंच. अंतर जरा बिघडलं तरी चालेल, हाडं टिकली पाहिजेत.

बोटांच्या खाचा कोरलेल्या ग्रिपबद्दल माझं मत ठाम आहे. खाचा ज्या बोटांसाठी कोरल्या त्या बोटांना त्या उत्तम. दुसऱ्या हाताला त्या बोटांमध्ये घुसणाऱ्या कडा होतात आणि हात जितका वर जायला हवा तितका जाऊ देत नाहीत, कारण मधलं बोट पहिल्या खाचेत अडकून बसतं. शिवाय घाईत धरताना बोटं खाचांत बरोबर पडली नाहीत तर पकड पुन्हा सुधारावी लागते. अमेरिकी नेमबाज जेरी मिक्युलेक यांनी १९९९ साली सहा गोळ्या झाडून, रिव्हॉल्व्हर पुन्हा भरून आणखी सहा, असे बारा बार २.९९ सेकंदांत काढले. त्यांच्या नावाने जी लाकडी ग्रिप मिळते ती गुळगुळीत आहे, पाठ उघडी आहे, बोटांच्या खाचा नाहीत. एवढ्या वेगाने काम करणारा हात कशावर विसंबतो हे बघण्यासारखं आहे.

आता प्रत्यक्ष काम. सिलिंडर उघडायचा, सगळी घरं डोळ्यांनी बघायची, बोटाने चाचपायची आणि काडतुसं त्या टेबलावर ठेवायचीच नाहीत, दुसऱ्या खोलीत. हे प्रत्येक वेळी, कितीही सवय झाली तरी. मग स्क्रूड्रायव्हर. घरातल्या साध्या स्क्रूड्रायव्हरचं पातं टोकाकडे पाचरीसारखं निमुळतं होतं, ते स्क्रूच्या खाचेत फक्त वरच्या कडांना लागतं आणि जोर दिला की निसटून लाकडावर ओरखडा काढतं. बंदुकीच्या कामाचं पातं समांतर घासलेलं असतं, खाचेच्या तळापर्यंत बसतं आणि रुंदीलाही खाच भरून काढतं. मुठीच्या कामात एवढं एकच हत्यार नीट घेतलं तरी निम्मं नुकसान टळतं.

स्क्रू पूर्ण काढायचा नाही. चार-पाच फेरे सैल करायचा आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने त्याच्या डोक्यावर हलकेच ठोकायचं. स्क्रूचं टोक पलीकडच्या पॅनेलमधल्या नटाला ढकलतं आणि ते पॅनेल सरळ बाहेर उचललं जातं. मग स्क्रू काढून पहिलं पॅनेल आतून बोटाने ढकलायचं. पॅनेलच्या कडेखाली पातं घालून उचकटायचं नाही. जुनं अक्रोडाचं लाकूड वाळून ठिसूळ झालेलं असतं, आणि सांगाड्याच्या बुडाजवळच्या पिनेसाठी आत जे भोक असतं तिथून चीर सरळ कडेपर्यंत धावते.

जुन्या स्मिथ अँड वेसनचं उजवं पॅनेल काढलं की ते उलटं करून आतली बाजू जरूर बघावी. तिथे अनेकदा रिव्हॉल्व्हरचाच क्रमांक शिसपेन्सिलीने लिहिलेला किंवा ठोकलेला सापडतो. पॅनेल त्या त्या फ्रेमला घासून बसवली जायची आणि पॉलिशिंगच्या वेळी जोड्या चुकू नयेत म्हणून हा क्रमांक. स्क्रूच्या वाटीभोवती लाकडात चौकटीच्या पत्त्यासारखा ठसा सोडलेला असेल तर पॅनेल १९६८ किंवा त्याआधीची असं धरायला हरकत नाही, कारण त्या साली ती पद्धत बंद झाली. अशी क्रमांक जुळणारी जोडी ज्या रिव्हॉल्व्हरवर आहे तिथे मी नवीन ग्रिप लावायच्या विरोधात नाही. वापरासाठी लावावीच, लाकूडही वाचतं. विरोध आहे तो जुनी जोडी विकून टाकण्याला. एकदा ती वेगळी झाली की पुन्हा भेटत नाही.

नवी ग्रिप घेताना नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही. फ्रेमचं अक्षर कळायला हवं आणि बूड चौकोनी की गोल हेही. स्मिथ अँड वेसनची ‘जे’ लहान, के आणि एल मध्यम, एन मोठी. के आणि एल यांच्या मुठीचा सांगाडा एकच, त्यामुळे ग्रिप एकमेकींना चालतात. १९९० च्या दशकात कंपनीने सगळीच रिव्हॉल्व्हर हळूहळू गोल बुडाची केली आणि मला तो निर्णय फार योग्य वाटतो. गोल बुडावर बाहेरून चौकोनी आकार देणारी ग्रिप चढवता येते, उलट करता येत नाही. २००३ सालच्या प्रचंड .५०० मॅग्नमच्या एक्स फ्रेमलाही के-एलच्या गोल बुडाची ग्रिप बसते, हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला खोटं वाटतं. आकाराने एवढं धूड, पण धरायला हात माणसाचाच.

रुगरने १९८० च्या दशकाच्या मध्यात जीपी १०० आणलं तेव्हा मुळावरच काम केलं. मुठीचा पूर्ण सांगाडाच काढून टाकला आणि हॅमरला जोर देणाऱ्या मेनस्प्रिंगभोवती एक अरुंद खुंट ठेवला. पाठीची पट्टी नाही, पुढची पट्टी नाही, त्यामुळे ग्रिप बनवणाऱ्याला मोकळं रान. हवी तितकी बारीक, हवी तितकी जाड. या ग्रिपच्या आत एक छोटी पिन ठेवलेली असते, ती हरवू द्यायची नाही. रिव्हॉल्व्हरचे भाग सुटे करताना मेनस्प्रिंग दाबून धरायला तीच लागते.

रबर किंवा प्लास्टिकची ग्रिप पाच-दहा मिनिटांत बसते. तिच्याबद्दल फारसं बोलण्यासारखं नाही. लाकडाच्या ग्रिपचं मात्र बसवणं हे काम आहे आणि त्यात मला मनापासून गोडी आहे. हाताने पॉलिश केलेल्या फ्रेमा एकसारख्या नसतात, म्हणून चांगला कारागीर आतलं लाकूड किंचित जास्त ठेवतो. आपण ते कमी करायचं. आधी पॅनेल स्क्रूशिवाय सांगाड्यावर टेकवून बोटाने दाबायचं. एका कोपऱ्यावर दाबलं आणि दुसरा कोपरा उचलला गेला तर आत कुठेतरी उंचवटा आहे. तो डोळ्यांना दिसत नाही. मग सांगाड्याच्या कडांना काजळीचा अगदी पातळ हात द्यायचा, पॅनेल सरळ खाली टेकवायचं, दाबायचं आणि सरळ वर उचलायचं. घासायचं नाही. लाकडावर जिथे काळा ठिपका उमटला तोच उंचवटा. तेवढाच धारदार पात्याने खरवडायचा, कापायचा नाही, धूळ पडावी इतपतच. पुन्हा काजळी, पुन्हा दाब. पहिल्यांदा दोन-तीन ठळक डाग दिसतात. हळूहळू ते पसरत जातात, फिके होतात आणि एका टप्प्यावर सांगाड्याची सगळी कड लाकडावर एकसारख्या करड्या रेषेत उमटते. तिथे थांबायचं. अशी ग्रिप स्क्रूशिवायही जागेवर उभी राहते. स्क्रूने तिला फक्त धरायचं असतं. वेडीवाकडी बसलेली ग्रिप स्क्रूच्या जोरावर ओढून बसवली की लाकूड कायम ताणाखाली राहतं, आणि काही बारांनंतर स्क्रूच्या भोकापासून चीर निघते.

स्क्रू आवळताना बोटांनीच, पंज्याने नाही. पॅनेल हलायचं थांबलं की पाव फेरा आणि बस. नवी पॅनेल जुन्यांपेक्षा पातळ असतील तर जुना स्क्रू लांब पडतो. तो तळाला टेकतो, आवळल्यासारखा वाटतो आणि पॅनेल ढिलंच राहतं. नंतर हॅमर सावकाश मागेपुढे करून आतलं लाकूड मेनस्प्रिंगला कुठे लागत नाही ना ते ऐकायचं. खरखर आली तर खरवडायला अजून जागा आहे. स्मिथ अँड वेसनच्या के, एल, एन फ्रेमवर ग्रिप उघडी असताना सांगाड्याच्या पुढच्या पट्टीत खाली एक छोटा स्क्रू दिसेल. तो मेनस्प्रिंगला ताण देतो. तो सैल केला की ट्रिगर हलका होतो आणि त्या मोहात खूपजण पडतात. पण हॅमरचा फटका कमी पडून काडतूस न उडण्याची शक्यता वाढते. तो पूर्ण आवळलेलाच ठेवायचा. ट्रिगर जड वाटत असेल तर आधी बोट कुठे टेकतंय ते बघावं. बोटाच्या टोकाने ओढलेला तोच ट्रिगर घडीने ओढल्यावर चांगलाच हलका लागतो.

डावं पॅनेल एकदा वेगळं तपासायला हवं. सिलिंडर डावीकडे उघडतो. पॅनेलचा वरचा भाग जाड असेल तर स्पीडलोडर (सगळी काडतुसं एकदम भरायचं साधन) त्याला अडतो आणि बाहेर काढताना रिकाम्या पुंगळ्याही तिथेच अडकतात. चांगल्या ग्रिपमध्ये तिथे एक खोलगट उतार दिलेला असतो. नसेल तर कानसीने द्यायचा, थोडा जास्तच. देखणेपण जरा कमी झालं तरी चालेल.

साहित्याबद्दल थोडं. अक्रोड हे जुनं, भरवशाचं लाकूड, फारसं आकुंचन-प्रसरण न पावणारं. शिसवी जास्त जड आणि तेलकट, तिची झळाळी वेगळीच, पण घासताना उडणारी धूळ अनेकांच्या कातडीला आणि श्वासाला बाधते, म्हणून तोंडावर मास्क हवा. शिसवीच्या सगळ्या जातींवर २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराचे निर्बंध आहेत. हस्तिदंताबद्दल अमेरिकी जनरल पॅटन यांच्या १९१६ साली घेतलेल्या कोल्टचं आणि त्यावरच्या कोरीव आद्याक्षरांचं नाव अजून निघतं. हस्तिदंत हातात गार, गुळगुळीत आणि जड लागतो. आफ्रिकी हत्तीच्या दातांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरची बंदी १९८९ साली ठरली, ती रास्तच होती. मुठीसाठी हत्ती मारावा इतकी कुठलीही मूठ मोलाची नाही. आता काचतंतूंच्या थरांचं जी-१० आणि कापडाच्या थरांचं मायकार्टा मिळतं. ओल्या हातातही न निसटणारं, न फुगणारं, न तडकणारं. मायकार्टा वापराने मुरतो आणि हाताचं तेल पिऊन गडद होतो, त्यामुळे लाकडाची आठवण येणाऱ्यांनी आधी त्याच्याकडे बघावं.

रबर काय किंवा लाकूड काय, आतलं पोलाद झाकलं जातं ही गोष्ट विसरून चालत नाही. घाम मुठीच्या कडेतून आत जातो, रबराखालून तो वाळत नाही आणि घामातलं मीठ आपलं काम करत राहतं. बाहेरून चकाचक दिसणाऱ्या रिव्हॉल्व्हरच्या मुठीखाली तांबूस गंजाचे खळगे पडलेले मी पाहिले आहेत, आणि निळसर फिनिशवर पडलेला खळगा बुजत नाही. पावसाळी, दमट हवेत तर ग्रिप अधूनमधून उतरवायचीच. सांगाडा कोरडा पुसायचा, तेलाचा अगदी पातळ हात द्यायचा. पातळच, कारण जास्तीचं तेल लाकडात मुरतं आणि वर्षांनी ते लाकूड काळं, स्पंजासारखं मऊ होतं.

बसवून झाल्यावर निकाल लगेच लावू नये. दुकानात किंवा टेबलावर हात भरून टाकणारी ग्रिप जवळजवळ नेहमीच बरी वाटते, कारण तिथे हात फक्त धरतो, ट्रिगर ओढत नाही. रिकाम्या रिव्हॉल्व्हरमध्ये खोटी काडतुसं घालून, सुरक्षित दिशेला, कोऱ्या भिंतीसमोर डबल अ‍ॅक्शनचा ट्रिगर संथपणे ओढायचा आणि डोळा फक्त माशीवर ठेवायचा. हॅमर पडताना माशी जागच्या जागी राहिली तर ग्रिप बसली. दर वेळी एकाच बाजूला झुकत असेल तर अंतर चुकलंय, मग ती कितीही मऊ असो, कितीही महाग असो. डोळे मिटून रिव्हॉल्व्हर उचलायचं, समोर धरायचं आणि मग डोळे उघडायचे, ही दुसरी परीक्षा. माशी मागच्या खाचेत आपोआप दिसली पाहिजे. वर किंवा खाली दिसली तर मुठीचा कोन हाताशी जुळत नाही, बाजूला दिसली तर जाडी. दोन्ही परीक्षा काही दिवसांच्या अंतराने पुन्हा करायच्या, कारण नव्या आकाराशी हात आधी भांडतो आणि मग जुळवून घेतो. त्यातलं भांडण कुठलं आणि खरी विसंगती कुठली, हे पहिल्या दिवशी कळत नाही.

रिव्हॉल्व्हर एकच आणि वापरणारे हात दोन, असं असेल तर लहान हाताला जुळेल अशी ग्रिप ठेवावी. मोठा हात बारीक मुठीवर जमवून घेतो, लहान हाताला जाड मुठीवर तसं जमत नाही. आणि उतरवलेली जोडी कापडात गुंडाळताना तिचा स्वतःचा स्क्रू तिच्यातच लावून ठेवावा. स्क्रूचे आटे कंपनीगणिक, काळागणिक वेगळे असतात. सुटा पडलेला स्क्रू पुढच्या वेळी कुठल्या ग्रिपचा होता, हे कोणालाच सांगता येत नाही.